पाळीवरचा देव

माणसाचा देव कसा होतो? आपल्याकडे याचे रस्ते ठरलेले आहेत. कुणी संतपदाला पोहोचतं, कुणी गाईगुरं राखताना धारातीर्थी पडतं आणि वेशीजवळ त्याचा वीरगळ उभा राहतो, कुणाच्या समाधीवर पुढे कळस चढतो. गोंदिया जिल्ह्यातला एक पाटील मात्र वेगळ्याच कामामुळे देव झाला. त्याने तलाव बांधला.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नवेगावबांधची ही गोष्ट. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी या माणसाने डोंगरांमधल्या वाटा मातीने अडवून इथे पाणी साठवलं, असं सांगितलं जातं. आज तो कोलासूर देव आहे. तलावाभोवतीच्या डोंगरांपैकी एकाच्या माथ्यावर त्याचं ठाणं आहे आणि लोक तिथे हात जोडतात. नावातच ‘असुर’ असलेला हा देव वेदातला नाही, पुराणातला नाही. तो इथला, शेतातला, मातीची पाटी उचललेला.

गोष्टीचा दुसरा भाग आणखी विलक्षण आहे. तलावाला सात डोंगरांचा वेढा आहे आणि त्यांना म्हणतात सातबहिणी. एवढा अवाढव्य बांध पुरा करायला कोलू पाटलाला या सात बहिणींनी मदत केली, अशी श्रद्धा आहे. जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही तिची नोंद घेतली आहे. पाळीवर, म्हणजे या बांधावर, त्यांची स्थानं आहेत आणि ती पूजली जातात. म्हणजे ज्याने देवाकडे मदत मागितली तो, ज्यांनी मदत केली त्या, आणि त्या मदतीतून जे उभं राहिलं ते पाणी, हे सगळं एकाच जागी पाहायला मिळतं. अडचणीत देवावर भरवसा टाकणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

सात बहिणी, सात आसरा

पाण्याकाठी सात स्त्रिया, हे चित्र मराठी माणसाला नवं नाही. विहिरीच्या कडेला, नदीच्या डोहाशी, तळ्याच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड आपण सगळ्यांनीच पाहिलेले असतात. त्या साती आसरा. महाराष्ट्रातल्या नद्या आणि त्यांच्याभोवतीची श्रद्धा यांचा अभ्यास करणाऱ्या ॲन फेल्डहाउस यांनीही आसरांबद्दल तपशिलाने लिहिलं आहे. त्या मूल देतात, पाणी देतात आणि रागावल्या तर डोहात ओढूनही नेतात. लेकराबाळांना खोल पाण्यापासून दूर ठेवायला आजीच्या तोंडी आसरांचं नाव येतं ते म्हणूनच.

मदत करणारी देवता धाकही घालते, हे इथे ध्यानात ठेवायला हवं. नवसाला पावणारी आणि चुकलं तर कोपणारी अशी दोन्ही रूपं एकाच दगडात असतात. आपण भक्तीचा विचार करताना बहुधा पहिलंच रूप धरतो. तलाव मात्र दोन्हींवर टिकतो. कसा, ते पाहायचं तर आधी गरज काय होती ते समजून घेतलं पाहिजे.

हुकलेला पंधरवडा

गोंदिया म्हणजे धानाचा मुलूख. वर्षाला साधारण १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या माणसाला हा आकडा ऐकूनच हेवा वाटेल. एवढा पाऊस पडणाऱ्या भागात पाण्यासाठी देवाला साकडं घालायची वेळ का यावी?

कारण धान हे पीक बेरजेवर जगत नाही, वेळेवर जगतं. जूनमध्ये पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायचे, ते महिन्याभराचे झाले की बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, चिखल करून रोवणी करायची. या रोवणीला पाणी साचलेली बांधीच लागते. पाऊस लांबला तर पऱ्हे जागच्या जागी म्हातारे होतात आणि मग रोवले तरी फुटवे धरत नाहीत. दुसरा नाजूक काळ येतो पीक पोटरीत असताना आणि निसवताना. लोंबी बाहेर पडायच्या दिवसांत बांधी कोरडी पडली तर दाणा भरत नाही, नुसती पोचट लोंबी हाती येते. जून ते सप्टेंबरात मिळून पाऊस पुरेपूर पडला तरी नेमका त्या पंधरवड्यात दडी मारून बसला की वर्ष बुडालं. सरासरी गाठली गेली, असं हवामान खात्याचा कागद सांगतो आणि शेतकऱ्याच्या घरात धान नसतं.

म्हणजे इथली गरज जन्मभराच्या दुष्काळाची नाही. ती आहे हुकलेल्या पंधरवड्याची. अशा वेळी माणसाचा हात थांबतो. नांगरून झालेलं असतं, रोवून झालेलं असतं, निंदून झालेलं असतं, करण्यासारखं काही उरत नाही आणि डोळे आभाळाकडे लागतात.

या मुलखातल्या गोंडांचा पावसाचा देव म्हणजे भिवसन. तो भीमसेनाचं रूप असल्याचंही सांगतात. नागपूरला राहून गोंडांविषयी टिपणं करणाऱ्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याच्या कागदांतही त्याचा उल्लेख आहे. ही टिपणं त्याच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापली. भिवसनाला मंदिर लागत नाही, उभा दगड पुरतो. महाराष्ट्रात इतरत्र धोंडी निघते, पोरं कडुलिंबाचा पाला गुंडाळून दारोदार फिरतात, बाया त्यांच्या डोक्यावर पाणी ओततात. कुठे महादेवाची पिंड पाण्यात बुडेपर्यंत घागरी ओततात. यातल्या कशानेही ढग जमत नाहीत, हे शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी हे सगळं शेकडो वर्षं टिकलं, ते का?

समुद्रातले आणि खाजणातले

याचं एक सुरेख उत्तर फार दूरच्या बेटांवरून मिळतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पॅसिफिक महासागरातल्या ट्रॉब्रियांड बेटांवर राहत होता. तिथले कोळी दोन तऱ्हेने मासे धरत. बेटाच्या आतल्या उथळ, शांत पाण्यात मासे हमखास मिळत, जिवाला धोका नसे. खुल्या समुद्रात मात्र वादळ, शार्क आणि बेभरवसा. मालिनोव्स्कीच्या लक्षात आलं की आतल्या पाण्यात जाताना कुणी मंत्र-तंत्र करत नाही. समुद्रात जाताना मात्र विधींची रांग लागते.

लोक सरसकट भोळे असतात म्हणून देवाकडे जातात, हा समज या एका निरीक्षणाने मोडीत निघतो. जिथे आपलं ज्ञान पुरतं तिथे ते ज्ञानच वापरतात. ज्ञानाची हद्द संपते आणि जोखीम मात्र संपत नाही, तिथे देव उभा राहतो. मालिनोव्स्कीने आणखी एक गोष्ट १९२५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नोंदवून ठेवली आहे. त्या बेटावरच्या शेतकऱ्याला तुम्ही सुचवलंत की, बाबा, मेहनत कमी कर आणि मंत्रांवरच मळा पिकव, तर तो तुमच्या भोळेपणाला हसेल. कुंपण घालणं, तण काढणं हे हातांचं काम आणि अवर्षण, कीड, अकल्पित रोग यांच्यासाठी मंत्र, अशी त्याच्या मनात स्वच्छ वाटणी असते.

आपल्याकडे ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आहे, पण ती कुणी उपदेश म्हणून सांगत नाही. आळशाला टोमणा मारायलाच ती वापरतात. शेतकऱ्याच्या श्रद्धेचं खरं रूप या टोमण्यात आधीच येऊन गेलेलं आहे.

कोलू पाटलाचा समाज याचंच उदाहरण. कोहळी हे वैनगंगेच्या खोऱ्यातले तलाव बांधणारे शेतकरी. ते काशीकडून आले आणि चांद्याच्या गोंड राजांच्या आश्रयाने या जंगलात वसले, अशी परंपरा आहे. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असं धोरण गोंड राजांच्या काळात होतं. १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड प्रसिद्ध करणाऱ्या रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनीही कोहळ्यांचं तलाव बांधण्यातलं कसब वाखाणलं आहे. यांनी धरण बांधायला देव बोलावला खरा, पण धरण देवावर सोडलं नाही.

माती तीनशे वर्षं कशी उभी राहते

आता पाळीजवळ जाऊन पाहू. सिमेंट नाही, लोखंड नाही. माती पाण्यात विरघळते हे पोरालाही कळतं. मग मातीचीच भिंत पाणी कसं अडवते?

पाणी पाळीतून झिरपतंच. कितीही चिकण माती घेतली तरी तिच्या कणांमधून वाट काढत ते बाहेरच्या बाजूला येतं. प्रश्न झिरपण्याचा नसतो, वेगाचा असतो. पाळ पायाशी भरपूर रुंद ठेवली तर पाण्याला लांबचा प्रवास करावा लागतो, त्याचा जोर मरतो आणि बाहेर येताना ते मातीचा कण सोबत आणू शकत नाही. म्हणून जुन्या पाळी उंचीच्या मानाने पसरट असतात. मातीचे थर टाकायचे, त्यांवर गुरं फिरवून ते दाबायचे, मग पुढचा थर. पाण्याच्या बाजूला लाटांचा मारा सोसायला दगड.

पाळीच्या पायथ्याशी ओल दिसली की जाणता माणूस आधी खाली वाकून ते पाणी बघतो. नितळ असेल तर फारशी चिंता नाही, पाळ फक्त घामेजली आहे. गढूळ असेल तर मात्र आतली माती वाहून येतेय. आत नळी तयार होतेय. खेकड्याच्या बिळातून, घुशीच्या पोखरणीतून, मेलेल्या झाडाच्या कुजलेल्या मुळातून अशी नळी सुरू होते आणि एकदा ती या टोकापासून त्या टोकाला पोहोचली की पाळ फुटायला वेळ लागत नाही.

दुसरा धोका वरून असतो. पाणी पाळीच्या माथ्यावरून वाहायला लागलं की मातीची पाळ गेलीच म्हणून समजा. यासाठी पाळीच्या बाजूला, कठीण जमिनीवर जादा पाण्याला वाट ठेवलेली असते. तिला या भागात सलंग म्हणतात. सलंगीवरून निघालेलं पाणी पुष्कळ ठिकाणी वाया जात नाही, उतारावरच्या पुढच्या तलावात जातं. तो भरला की त्याच्या पुढच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात. एका गावाचा ओसंडा तो दुसऱ्या गावाचा साठा, अशी ही साखळी असते.

आणि पाणी शेताला द्यायचं ते तुडुमातून. जुन्या पद्धतीच्या तुडुमात वेगवेगळ्या उंचीवर भोकं असतात आणि ती लाकडी खुंट्यांनी बुजवलेली असतात. तलाव भरलेला असताना सगळ्यात वरचा खुंटा काढायचा, पातळी उतरली की त्याखालचा. यात किती हुशारी आहे ते थोडा हिशेब केला की कळतं. चार इंच, म्हणजे १० सेंटिमीटर व्यासाचं भोक घ्या. एक मीटर खोल पाण्याखाली त्याच्या खुंट्यावर जेमतेम ८ किलोंचा दाब असतो. सहा मीटर खोलीवर तोच दाब ४७ किलोंच्या घरात जातो. वरून खाली उतरत गेलं तर खुंटा काढायला एकटा माणूस पुरतो, पाणी आटोक्यात राहतं आणि पाटाची माती उखडत नाही. यंत्र नाही, झडप नाही, विजेचं बटण नाही.

नवेगावबांधचा पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटर. त्यातलं वरचं फक्त एक मीटर पाणी धरा. ते होतं १ कोटी १० लाख घनमीटर. एका हेक्टर बांधीत साडेसात सेंटिमीटर पाणी उभं करायला ७५० घनमीटर लागतात. पाटात आणि उन्हात निम्मं पाणी गेलं असं मानलं, तरी त्या एका मीटरात सात हजार हेक्टरांहून अधिक धानाला एक पाणी देता येईल, असा कागदावरचा हिशेब निघतो. हुकलेला पंधरवडा निभावून नेणारं हेच ते पाणी. पाऊस भिवसनाच्या हातात होता. पडलेला पाऊस पंधरवड्यासाठी राखून ठेवणं माणसाच्या हातात होतं आणि ते त्याने केलं.

देव कुठे बसतो

पूर्व विदर्भात फिरताना तलावाकाठचे देव कुठे बसलेत ते नीट पाहावं. अनेक ठिकाणी ते पाळीवर असतात, एखाद्या जुन्या झाडाखाली. गावात घराघरांत देव असताना आणि वेशीवर मातामाय असताना तिथे कशाला?

माझा कयास असा आहे. तलावाचा सगळ्यात धोक्याचा भाग म्हणजे पाळ. तिथे देव बसवला की तीन गोष्टी आपोआप होतात. पाळीवरची माती कुणी खणून नेत नाही, कारण ती देवाची जागा. तिथे सणावाराला, नवस फेडायला, रोवणीच्या आधी गावातली माणसं जात राहतात आणि जाताना पाळ त्यांच्या नजरेखालून जाते. आणि पाळीला काही झालं तर तो एका शेतकऱ्याचा प्रश्न राहत नाही, देवाचा म्हणजे सगळ्या गावाचा होतो. मघाशी म्हटलं ते धाकाचं रूप इथे कामाला येतं. कोपणाऱ्या देवतेपुढे माणूस नियम पाळतो.

पाण्याच्या वाटपालाही असाच धरबंद होता. गावाने नेमलेला पाणकर कुणाच्या बांधीला कधी पाणी सोडायचं ते बघे. वरच्या वावरवाल्याने रात्री पाट फोडून पाणी वळवलं की खालच्याचं पीक जाणार. अशा वेळी पाणकराचा शब्द, पाटलाचा वचक आणि पाळीवरच्या देवाची भीती या तिन्हींवर भांडण आवरायचं काम येऊन पडे.

हा कयास निव्वळ कल्पनाविलास वाटू नये म्हणून इंडोनेशियातल्या बाली बेटाकडे पाहू. तिथेही भातशेती, तिथेही डोंगरातून पाझरत येणारं पाणी आणि ते वाटून घेणारे शेतकऱ्यांचे गट, त्यांना सुबक म्हणतात. प्रत्येक टप्प्यावर पाण्याचं देऊळ, सगळ्यांच्या वर बातुर सरोवराची देवी दनू. कोणत्या गावाने कधी रोवायचं आणि कधी शेत रिकामं ठेवायचं हे या देवळांच्या पंचांगाप्रमाणे ठरे. १९७० च्या दशकात सुधारित वाणं आली. देवळांचं बाजूला ठेवा, जमेल तितक्या वेळा भात लावा, असा सरकारी सल्ला मिळाला. थोड्याच वर्षांत पाण्याचा गोंधळ उडाला आणि तपकिरी तुडतुड्यांनी पिकं फस्त केली. गोंदिया-भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला हा तुडतुडा नव्याने सांगायला नको. निसवलेलं धान तो उभ्या उभ्या वाळवतो.

स्टीफन लान्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने याचा छडा लावला. देवळाच्या पंचांगामुळे मोठ्या टापूतली शेतं एकाच वेळी रिकामी राहत आणि किडीची उपासमार होई. पाणी पुरावं आणि कीड आटोक्यात राहावी, या दोन्हींचा मेळ ते पंचांग घालत होतं. पर्यावरणशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांच्यासोबत त्याने संगणकावर प्रतिमान करून पाहिलं. त्यातही देवळांच्या जाळ्याशी मिळतीजुळती व्यवस्थाच उत्तम ठरली. २०१२ साली युनेस्कोने बालीच्या सुबक व्यवस्थेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. देवी दनू पाणी देते, ही तिथल्या शेतकऱ्याची श्रद्धा. ती श्रद्धा हजारो माणसांना एका वेळापत्रकात बांधत होती आणि त्या एकजुटीतून पाणी खरोखरच सगळ्यांना मिळत होतं.

आतून लावलेला जोर

गोंदिया जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सालेकसा तालुक्यात, दरेकसाच्या जंगलात कचारगड आहे. डोंगराच्या पोटात प्रचंड गुहा. माघ पौर्णिमेला धनेगावमार्गे इथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रासोबत मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही लोक येतात. नागपूरचे गोंडी भाषा आणि संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी या स्थळाचं महत्त्व समाजापुढे मांडण्यात मोठा वाटा उचलला.

इथे सांगितली जाणारी कथा संकटातल्या मदतीचीच आहे. काली कंकाली मातेची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली, तोंडावर मोठी शिळा बसली. आई बाहेर आकांत करते आहे. त्यांच्या सुटकेसाठी गोंडांचा आद्य गुरू पारी कुपार लिंगो पुढे येतो, जंगो रायतार साथ देते. पण शिळा हलत नाही. मग हिरासुका पाटालीर नावाचा वादक किंगरी वाजवायला बसतो. त्या सुरांनी आत कोंडलेल्या पोरांच्या अंगात बळ संचारतं, ती आतून जोर लावतात आणि शिळा गडगडत खाली जाते. वादक तिच्याखाली सापडून मरतो. ती तेहतीस मुलं पुढे लिंगोचे शिष्य होतात.

ही कथा मी कोलू पाटलाच्या गोष्टीशेजारी ठेवून पाहतो तेव्हा थक्क होतो. एक कोहळी शेतकऱ्यांची, दुसरी गोंडांची. दोन्हींत संकट आहे, दोन्हींत दैवी मदत आहे आणि दोन्हींत ती मदत आयती मिळत नाही. सातबहिणी तलाव बांधून देत नाहीत, पाटलाच्या बांधाला हात लावतात. किंगरी शिळा उचलत नाही, शिळा पोरांनीच ढकलायची असते. अडलेल्याला बळ देणं एवढंच देवाचं काम आणि ते बळ लावायचं अडलेल्यानेच, असा या मुलखाच्या श्रद्धेचा निवाडा दिसतो.

पाळ कुणाची?

आता थोडं आजचं. पूर्व विदर्भात असे तलाव एक-दोन नाहीत, सुमारे सात हजार आहेत. मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यातले हे तलाव १९५१ साली मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले आणि माजी मालगुजारी म्हणजे ‘मामा तलाव’ या नावाने ओळखले जाऊ लागले. शंभर हेक्टरांपर्यंत भिजवणारे जिल्हा परिषदेकडे गेले, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. मालगुजाराची दादागिरी गेली हे उत्तमच झालं. पण तिच्यासोबत पाळीची देखभाल कुणाची, हा प्रश्नही अधांतरी राहिला. गाळ साचत गेला, बुडीत भागात अतिक्रमणं झाली, बेशरमीची झुडपं माजली, तुडुमं मोडली. देव पाळीवर तसाच राहिला, पाळीकडे बघणारी नजर मात्र सरकारी कचेरीकडे वळली.

तरी गोष्ट इथे संपत नाही. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि त्यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर मच्छीमारांना सोबत घेऊन तलाव पुन्हा जिवंत करायचं काम बरीच वर्षं केलं आहे. बेशरम उपटणं, तळ नांगरून स्थानिक पाणवनस्पती लावणं, देशी मासे परत आणणं, असं ते काम. ढिवर बाया त्यात पुढे आहेत. नुसता गाळ उपसला की तलाव सुधारतो, हा समज त्यांनी खोडून काढला. पाण्यातल्या वनस्पती परतल्या की मासे अंडी घालायला येतात, पाखरं येतात, तलावाला जीव येतो, हे त्यांनी करून दाखवलं. मारुती चितमपल्लींच्या ‘नवेगावबांधचे दिवस’मुळे मराठी वाचकाला या भागातल्या पाखरांची आणि रानाची ओळख झाली. त्या पाखरांना पाणी एका पाटलाच्या पाळीने दिलं आहे, हेही त्यासोबत लक्षात राहायला हवं.

तेव्हा ज्यांच्या गावाला मामा तलाव आहे त्यांना एवढंच सांगणं. यंदा मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालत जा. सलंगीत कुणी माती टाकून शेत वाढवलंय का ते बघा. खेकड्याची, घुशीची बिळं बुजवा. मेलेली झाडं कुठे आहेत ते लक्षात ठेवा, आणि पावसाळ्यात पायथ्याशी गढूळ पाणी दिसलं तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला कळवा, ग्रामसभेत विषय मांडा. पाळीवर शेंदराचा दगड असेल तर हात जरूर जोडा. फक्त बिळं आधी बुजवा.